लॅश शाम्पूवर पैसे घालावेत का?

पापण्यांच्या केसांना ग्लूने चिकटवलेली लॅश एक्स्टेन्शन (कृत्रिम केस) चार-पाच दिवसांत गळायला लागली की पहिला आळ ग्लूवर येतो. पुष्कळदा ग्लू चांगला असतो, पापणीचा केस नीट धुतलेला नसतो. सायनोअ‍ॅक्रिलेट ग्लू ओलाव्याने घट्ट होतो. पण केसावर काजळाचा मेणचट थर किंवा त्वचेचं तेल असेल, तर तो त्या थराला चिकटतो आणि थरासकट सुटून येतो.

म्हणूनच पंपातून तयार फेस देणारा लॅश शाम्पू आमच्या मते पैसे वसूल करतो. एका डोळ्याला एक पंप पुरतो. डोळे मिटवून मऊ ब्रश मुळापासून टोकाकडे फिरवा, मग मुळांच्या रेषेवर हलक्या हाताने आडवा, साधारण अर्धा मिनिट. मुळाशी सगळ्यात जास्त तेल साचतं, आणि एक्स्टेन्शन त्वचेपासून जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर अंतरावर बसवायचं असतं. बारीक नळीच्या बाटलीतून डिस्टिल्ड पाणी सोडून फेस पूर्ण काढा. राहिला तर डोळे चुरचुरतात. टिपायला कापूस वापरू नका, त्याचे तंतू केसांत अडकतात. छोट्या पंख्याने वाळवा. ओल्या केसावर ग्लू एकदम आवळतो, पांढरा आणि ठिसूळ होतो.

वाळल्यावर स्पूली (मस्काऱ्याच्या कांडीसारखा छोटा ब्रश) फिरवून भिंगातून बघा. केस सुटे दिसले तर डोळ्याखाली जेल पॅड लावून कामाला लागा. दोन-तीन केसांचे झुबके दिसले तर परत धुवा.

या शाम्पूची एक मर्यादा आहे: वॉटरप्रूफ मस्कारा त्याने धड निघत नाही. तो तेलाच्या रिमूव्हरने काढला तर नंतर दोनदा शाम्पू लागतो. अपॉइंटमेंट देतानाच ‘मस्कारा, काजळ न लावता या’ असं सांगितलेलं बरं.

बेबी शाम्पू स्वस्त पडतो, पण त्यातला सुगंध आणि केस मऊ ठेवणारे घटक मागे राहतात. आम्ही तो सुचवणार नाही. मायसेलर वॉटर (मेकअप काढायचं पाणी) पुसून सोडून दिलं तरी तीच अडचण. प्राइमर (ग्लूआधी केसावरचं उरलेलं तेल काढणारं द्रव) फक्त फार तेलकट पापण्यांना, तोही धुऊन वाळवल्यावर, मायक्रो ब्रशने केसांपुरता. धुण्याची जागा तो घेत नाही.

शाम्पूचं कॉन्सन्ट्रेट (दाट अर्क) घेऊन पाणी मिसळणार असाल तर बाटलीवरचं प्रमाण पाळा आणि थोडंच बनवा. पाणी घातलं की शाम्पू खराब होऊ न देणारं प्रिझर्व्हेटिव्हही पातळ होतं. पापण्यांच्या मुळाशी खपल्या किंवा लाली दिसली तर कुठलाच शाम्पू लावू नका. त्या दिवशी काम थांबवून ग्राहकाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा.