सेकंडहँड मोटरहोम, अकरा महिने आणि बाथरूममधला तो वास

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही 34 फुटी सेकंडहँड मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतली. 2013 सालची, फोर्डच्या एफ-53 चॅसीवरची. राहायला ह्यूस्टनला, त्यामुळे वापर बहुतेक टेक्सासातच. इंजिन, जनरेटर, बाहेर सरकणाऱ्या खोल्या यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी फक्त बाथरूमबद्दल लिहिते, कारण पहिले सहा महिने आमच्या घरात गाडीचा विषय निघाला की तो तिथेच येऊन थांबायचा.

वास गटाराचा. सडकी अंडी, वर थोडा साबणाच्या शिळ्या पाण्याचा दर्प. गंमत म्हणजे तो कायम नसायचा. गाडी घरासमोर उभी असली की काही नाही. मुक्कामाला मोटरहोमच्या पार्कात लावली की रात्री ठीक, आणि सकाळी अंघोळीच्या वेळी असा भपकारा की नाकाला टॉवेल लावावा. कधी रस्त्यावर चालू गाडीत मागून एकदम झोत यायचा आणि पाच मिनिटांत नाहीसा व्हायचा. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांना फोन केला, तर त्यांनी टाकीत घालायच्या एका निळ्या औषधाचं नाव सांगितलं. घातलं. दुप्पट घातलं. मग गटार आणि फिनेल असा जोडवास यायला लागला.

ज्यांनी मोटरहोम वापरलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. घरच्या कमोडला खाली वास अडवणारा पाण्याचा बाक असतो, इथे नसतो. पायाने पेडल दाबलं की तळाची वाटी फिरते आणि सगळं सरळ खालच्या ब्लॅक टँकमध्ये पडतं. तुमच्या आणि त्या टाकीच्या मध्ये काय, तर एक रबरी सील आणि त्यावर साचलेलं दोन बोटं पाणी. बेसिन आणि शॉवरचं पाणी वेगळ्या, ग्रे टँकमध्ये जातं, आणि दोन्ही टाक्यांचे व्हेंट पाइप छतावर निघतात. टाकीत वास असणारच, त्यावर इलाज शोधण्यात अर्थ नाही. शोधायचं ते एवढंच, की टाकीतली हवा वर छताकडे जायची सोडून आत कुठून येते आहे. हे वाक्य आज लिहायला सोपं वाटतंय. तेव्हा आम्ही औषधांवर औषधं आणत होतो.

सुरुवात मात्र एका गोष्टीपासून करा: तो वास स्वयंपाकाच्या गॅसचा नाही ना? प्रोपेनला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वास मिसळतात, आणि तो बराचसा असाच असतो. आम्ही सांध्यांवर साबणाचा फेस लावून पाहिला, जमिनीलगतचा गॅस डिटेक्टर जुना झाला होता तो बदलला. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून तो खाली बसवलेला असतो. गॅस निर्दोष सुटला.

मग कमोडचं सील. याची परीक्षा फुकटात होते. रात्री वाटीत पाणी भरून झोपायचं आणि सकाळी बघायचं. आमची वाटी सकाळी ठणठणीत कोरडी. नवऱ्याने कमोड उचललं, तेव्हा सीलच्या कडेला क्षारांचं कडं आणि त्यात अडकलेला टिश्यूचा कागद निघाला. नवं सील साधारण 25 डॉलरचं, काम तासाभराचं, हातमोजे मोजले नाहीत. सीलला सिलिकॉनचं ग्रीज लावा. व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियमने रबर फुगतं. वास तिसऱ्या हिश्श्याने कमी झाला आणि आम्ही जिंकल्यासारखे वागलो.

ती जिंकण्याची हवा नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत उतरली. मॅकडॉनल्ड वेधशाळा बघायला डेव्हिस पर्वताकडे गेलो होतो. वाटेतल्या एका पार्कात विहिरीचं पाणी होतं आणि तिथे नळातूनच सडकी अंडी! दोन दिवस आम्ही पुन्हा टाक्यांना दोष देत होतो, आणि मग लक्षात आलं की वास फक्त गरम नळाला आहे. स्टीलच्या गीझरमध्ये गंज थांबवायला मॅग्नेशियमची कांडी असते. गंधकाचे क्षार असलेल्या पाण्यात जिवाणू वाढून तिच्याशी मिळून हायड्रोजन सल्फाइड करतात. गीझर धुऊन अ‍ॅल्युमिनियम-जस्ताची कांडी घातली, नळ शुद्ध झाला. मूळ वास आपल्या जागी.

या हायड्रोजन सल्फाइड वायूबद्दल एक गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती, ती सांगून ठेवते. नाक त्याला फार लवकर सरावतं. दहा मिनिटं शोधत बसलात की तुम्हाला वाटतं गेला, आणि बाहेरून आलेला माणूस दारातच थबकतो. 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास तर नाक पार बधिर होतं. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमांत कमाल मर्यादा 20 पीपीएम आहे. आपल्या बाथरूममध्ये त्याच्या जवळपासही काही नसतं, पण नाकावर विसंबायचं असेल तर ते दर थोड्या वेळाने बाहेर नेऊन धुतल्यासारखं करून आणायला हवं.

आता खरा गुन्हेगार क्रमांक एक, ज्याला आम्ही सहा महिने मित्र समजत होतो: छतावरचा पंखा. वास आला की आम्ही पंखा लावायचो. हा पंखा मिनिटाला शेकडो घनफूट हवा बाहेर फेकतो. खिडक्या बंद असतील तर तेवढी हवा आत येणार कुठून? जिथे भोक सापडेल तिथून. आणि पेडल दाबल्यावर बाथरूममधलं सर्वांत मोठं भोक कोणतं, हे सांगायला नको. टिश्यूची एक पट्टी कापून कमोडवर धरली आणि पेडल दाबलं. पंखा चालू असताना पट्टी सरळ वर उडाली. पंखा बंद करून खिडकी उघडली तर हलली नाही. हा प्रयोग उदबत्तीने करायचा मोह होईल, आमच्याकडे तर झालाच होता, पण करू नका. टाकीतल्या वायूत पेट घेणारा मिथेनही असतो.

नियम झाला: आधी पंखा बंद, मग फ्लश, मग झाकण, मग पंखा. मुलांना हे पाठ करायला आठवडा लागला, नवऱ्याला महिना. चालू गाडीतल्या झोताचं कारणही तेच निघालं. पुढची एखादी खिडकी किंवा छताचं झाकण उघडं ठेवून हायवेला लागलात की वाऱ्याने आतली हवा बाहेर ओढली जाते, आणि तिची भरपाई टाकी करते.

ख्रिसमसला बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात गेलो. रिओ ग्रांदे व्हिलेजच्या पार्कात पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी, सगळं मिळतं. सांडपाण्याचा पाइप जोडला, ग्रे टँकचा व्हॉल्व्ह उघडा टाकला आणि निवांत झालो, कारण मग टाकी भरायची काळजीच नाही. त्या सकाळी वास आजवरचा सर्वांत वाईट. विचार केल्यावर कळलं की व्हॉल्व्ह उघडा ठेवून आम्ही जमिनीखालच्या सांडपाण्याच्या लाइनीला आमच्या शॉवरपर्यंत सरळ रस्ता करून दिला होता. व्हॉल्व्ह बंद केला, टाकी भरली की सोडू लागलो, वास निम्मा. (ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह तर कधीच उघडा ठेवू नये. पाणी निघून जातं, बाकीचं बसून राहतं. रिकामी केल्यावरही बादलीभर पाणी आत सोडावं.)

पण व्हॉल्व्ह उघडा असला तरी मध्ये शॉवरचा आणि बेसिनचा पाण्याचा बाक आहे ना? तो असताना वास वर यायलाच नको.

जानेवारीत सासूबाई सांगलीहून आल्या. त्यांनी गाडीत पाऊल ठेवलं, दोनदा हुंगलं आणि म्हणाल्या, "अगं, नहाणीत पाणी घातलंस का?" मे महिन्यात गावाहून परत आलं की बंद घरात येणारा वास आणि मोरीतून निघालेली झुरळं, आपल्यापैकी कोणाला माहीत नाहीत? तांब्याभर पाणी ओतलं की संपलं. तीच नहाणी इथे शॉवरखाली आहे, फक्त खाली जागा कमी म्हणून तिचा बाक उथळ, आणि घर हलतं. जोरात ब्रेक दाबले की पाणी उसळून निघून जातं. महिनाभर गाडी उभी राहिली की वाळतं. शॉवरमध्ये तांब्या ओतला आणि त्या रात्री खरंच फरक पडला. "एवढी इंजिनियर माणसं," असं त्या पुटपुटल्या, ते मी ऐकलं नाही असं ठरवलं.

प्रत्येक मुक्कामी तांब्या ओतायला नको म्हणून शॉवरखाली बाकाच्या जागी बिनपाण्याचा ट्रॅप बसवला. आत सिलिकॉनची चपटी नळी असते, पाणी आलं की उघडते, गेलं की मिटते. साधारण 40 डॉलर, शिवाय गाडीच्या पोटाखाली उताणं झोपून दोन तास. बसवताना पाण्याच्या वाहण्याची दिशा आणि थोडा उतार सांभाळा. पाच महिन्यांनंतरचं मत: काम चोख. तक्रार एकच, लांब केस. केस मध्ये अडकला की नळी नीट मिटत नाही. आमच्या घरात दोघींचे केस कमरेपर्यंत, म्हणून जाळीशिवाय अंघोळ बंद.

बेसिनखाली, ड्रॉवर काढल्यावर दिसतो असा एक बोटभर उंचीचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह असतो. पाणी उतरताना तो बाहेरची हवा पाइपात घेतो आणि एरवी मिटून बसायला हवा. आमच्याकडच्या स्प्रिंगवाल्याची रबरी चकती कडक होऊन उघडीच राहिली होती. नवा दहा डॉलरचा, हाताने फिरवून बसतो. जुन्या गाडीत हा न बघताच बदलून टाकावा. छतावर वाऱ्याबरोबर फिरणारी व्हेंटची टोपीही बसवली. तिच्याबद्दल मला काही ठाम सांगता येत नाही. बसवताना जुन्या टोपीखालून गांधीलमाशांचं पोळं निघालं, आणि फरक पडला तो पोळं काढल्याने की टोपीने, देव जाणे.

एवढं करूनही सकाळी अंघोळीला एक पुसटसा वास उरलाच. तेव्हा जुनी प्लंबरांची युक्ती केली. पेपरमिंटचा अर्क गरम पाण्यात मिसळून छतावरून ग्रे टँकच्या व्हेंटमध्ये ओतायचा आणि आत पुदिना कुठे येतो ते हुंगायचं. अट एकच: ज्याने ओतलं त्याने आत यायचं नाही, कारण तोच पुदिना झालेला असतो. नवरा छतावर गेला, ओतलं, आणि दुपारचं जेवण झाडाखाली एकटाच जेवला. आत मी आणि आई (सासूबाईच), पंखा चालू, खिडक्या बंद. मी शॉवरपाशी गुडघे टेकून हुंगतेय, बेसिनखाली डोकं घालतेय, काही नाही. आई आपल्या बाथरूममधल्या कपाटाशी उभ्या. म्हणाल्या, "इथे. कोटांत."

कोट बाजूला केले. मागच्या भिंतीतून दोन इंची पाइपाचं तोंड बाहेर आलेलं, त्यावर प्लास्टिकचं झाकण नुसतं ठेवलेलं. या कपाटात वॉशिंग मशीन बसवायची सोय कारखान्यातूनच केलेली असते, हे आम्हाला माहीत होतं. आधीच्या मालकाने मशीन कधी घेतलं नाही, आम्हीही नाही. म्हणजे त्या पाइपाखालच्या बाकात इतक्या वर्षांत पाणी गेलंच नसावं. ग्रे टँकपासून कपाटापर्यंत मोकळी वाट, आणि सकाळी अंघोळीची वाफ जावी म्हणून आम्ही पंखा लावला की ती वाट चालू. पार्कातच का, सकाळीच का, याचं उत्तर कोटांच्या मागे लटकत होतं.

पेच फिरवला की पसरून घट्ट बसणारं रबरी बूच सहा डॉलरला मिळालं. त्याआधी पाइपात हिवाळ्यासाठी वापरतात ते गुलाबी अँटिफ्रीझ दोन कप ओतलं, ते पाण्यासारखं लवकर वाळत नाही. मोटरीच्या रेडिएटरमधलं नव्हे, पिण्याच्या नळांत चालतं ते.

त्यानंतर पाच महिन्यांत सात मुक्काम झाले. जूनमध्ये पालो ड्यूरो कॅन्यनमध्ये चार दिवस पारा 100 फॅरनहाइटच्या वर होता आणि बाथरूममध्ये फक्त साबणाचा वास होता. निळं औषध बंद आहे. जुनी गाडी घेत असाल तर विक्रेत्यासमोर कमोडमध्ये पाणी भरा आणि तासाने परत बघा, मग बाथरूममधलं प्रत्येक कपाट उघडून मागच्या भिंतीला हात लावा. इंजिनाला आम्ही मेकॅनिक नेला होता. कपाट कोणी उघडलं नाही.

कोट दोनदा ड्रायक्लीनला जाऊन आले, पुदिना गेलेला नाही. आणि गेल्या आठवड्यापासून कमोडच्या वाटीतलं पाणी सकाळी अर्ध्यावर आलेलं दिसतंय. नवं सील मागवून ठेवलंय, नवऱ्याला अजून मुहूर्त सापडत नाही.