खानापूरच्या रानात ऑडिओमॉथ : ऑक्टोबर ते मे वापरल्यानंतर

ऑडिओमॉथ म्हणजे रानात लावून ठेवायचा, वटवाघळांच्या हाका आपोआप टिपणारा छोटा रेकॉर्डर. वटवाघळांच्या पाहणीसाठी तो घ्यावा का? घ्यावा. पण त्याच्या मेमरी कार्डावर जे उमटलं तेवढीच वटवाघळं रानात आहेत, असं मात्र धरू नये. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात आणि हेम्माडग्याच्या बाजूला (वनखात्याची परवानगी आधी, यंत्र नंतर) त्याचे गुण आणि खोड्या दोन्ही कळतात.

यंत्र म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी पाटी, मागे तीन पेन्सिल सेल. सॅम्पलिंग, म्हणजे यंत्र सेकंदाला किती वेळा आवाज मोजतं ते, ३८४ किलोहर्ट्झवरच ठेवा. या आकड्याच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज नीट टिपला जातो. जागा वाचवायला २५० केलं तर १२५ किलोहर्ट्झच्या वरचं नीट मिळत नाही, आणि आपल्याकडचं एक पाननाकी वटवाघूळ १३० च्या आसपास ओरडतं. ३८४ वर मिनिटाला ४६ एमबी लागतात, म्हणजे बारा तासांच्या सलग रात्रीला ३३ जीबी. ५ सेकंद रेकॉर्ड, १० सेकंद झोप असं लावलं की ११ जीबीत भागतं. ६४ जीबीच्या कार्डात पाच रात्री बसतात.

सगळ्यात जास्त फसगत घड्याळात होते. वेळापत्रक मुळात यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत असतं. सहा वाजता सुरू व्हावं म्हणून १८:०० टाकलं, तर आपल्याकडे ते रात्री साडेअकराला जागं होतं आणि तिन्हीसांजेला बाहेर पडणारा सगळा लोंढा हुकतो. १२:३० टाका, नाहीतर सेटिंगमध्ये स्थानिक वेळ निवडा. सेल काढले की घड्याळही जातं. बदलल्यावर वेळ पुन्हा द्यायलाच हवी.

दुसरा घोळ फिल्टरचा. रातकिडे आणि नाकतोडे रात्रभर किरकिरतात, म्हणून बरेच जण २० किलोहर्ट्झखालचं सगळं कापून टाकतात. इथे ते करू नका. भीमगड अभयारण्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ, ज्याचं शास्त्रीय वर्णन १९१३ साली झालं, २० च्या खालीच ओरडतं. भीमगड अभयारण्यात यंत्र लावायचं आणि ज्याच्यासाठी ते रान ओळखलं जातं त्यालाच गाळायचं, हे काही खरं नाही. किड्यांचा त्रास फाइल उघडल्यावर सोसावा. आवाजाच्या जोरावर आपोआप सुरू होणारी सोयही इथे फारशी कामाची नाही. किडेच ती उघडी ठेवतात.

बांधताना खोडाला चिकटवू नका, आवाज खोडावर आपटून दुहेरी उमटतो. बांबूच्या टोकाला, तीनेक मीटरवर, पायवाटेच्या किंवा ओढ्यावरच्या मोकळ्या फटीकडे तोंड करून लावा. मात्र खळखळत्या पाण्यापासून दूर, कारण त्या खळखळाटातही अतिध्वनी (आपल्याला ऐकू न येणारा उंच पट्टीचा आवाज) असतो. झिपची पिशवी माइकवर ताणून बसवा. सैल राहिली तर वाऱ्याने फडफडते, आणि प्लास्टिक वरच्या पट्टीतले आवाज तसेही खातंच. पिशवीत सिलिका जेलची पुडी हवी.

फाइल ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून काहीच दिसत नाही अशी तक्रार बऱ्याचदा कानी येते. स्पेक्ट्रोग्रामची (आवाजाच्या उंच-खालच्या पट्टीचं चित्र) वरची मर्यादा १९२००० हर्ट्झ करा, मग दिसतं. घोडनाळी वटवाघळाची हाक स्टेपलरच्या पिनेसारखी : मधे सपाट, दोन्ही टोकांना मुडपलेली. पिपिस्ट्रेल या छोट्या वटवाघळांची हॉकी स्टिकसारखी, उभी उतरून शेवटी आडवी. त्यातल्या जाती एकमेकांत इतक्या मिसळतात की जातीचं नाव ठोकून देण्यापेक्षा ‘पिपिस्ट्रेल, ४० च्या आसपास’ एवढंच लिहिलेलं बरं.

आकड्यांचं म्हणाल तर, दहा नोंदी म्हणजे दहा वटवाघळं नव्हेत; एकच ये-जा करत असेल. मोठ्याने ओरडणारी जास्त भरतात, उंच पट्टीतली काही मीटरांतच विरतात, आणि कुजबुजणारं मेगाडर्मा वटवाघूळ अगदी माइकसमोरून गेलं तरच सापडतं. फळं खाणाऱ्यांपैकी बहुतेक जण प्रतिध्वनीवर उडतच नाहीत. त्यांच्यासाठी पिकलेल्या उंबराखाली जाऊन बसावं लागतं, नाहीतर परवानगीने जाळं लावावं लागतं.

जूनमध्ये कणकुंबीचा पाऊस लागला की यंत्र उतरवा, सेल काढून वेगळे ठेवा. आत राहिलेले सेल गळून पट्ट्या हिरव्या पडतात.