‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’ : जलदुर्गाचा फोटो या स्पर्धेत कशाने टिकतो

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत चांगला कॅमेरा किंवा मोबाइल बाळगणारे खूप जण वर्षभर कुठल्या ना कुठल्या ऑनलाइन फोटोस्पर्धेत भाग घेत असतात. लाइक्सवर निकाल लावणाऱ्या स्पर्धांत ज्याचा गोतावळा मोठा तो पुढे जातो. दर फोटोमागे फी घेणाऱ्या काही स्पर्धांच्या अटी बारकाईने वाचल्या, तर जिंकलात काय आणि हरलात काय, फोटो हवा तसा वापरायचा हक्क आयोजकांकडे गेलेला असतो. किल्ले, देवळं, लेणी अशा वास्तूंचे फोटो काढणाऱ्याला निःशंकपणे सुचवावी अशी स्पर्धा म्हणजे ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’. तिच्यात उणिवा आहेत, त्या पुढे येतीलच. पण इथे फोटो का निवडला जातो याचे निकष उघड आहेत आणि ते समजून घेऊन तयारी करता येते.

ही स्पर्धा २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली, पुढच्या वर्षी युरोपभर पसरली. २०११ च्या फेरीत १,६८,२०८ फोटो आले आणि जगातली सर्वांत मोठी फोटोस्पर्धा म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली. भारत २०१२ मध्ये उतरला. स्पर्धा साधारण सप्टेंबरात असते, तरी भारतापुरत्या तारखा आणि नियम दर वर्षी तपासून घ्यावेत. प्रवेश फी नाही. फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियासाठीचे फोटो खुल्या परवान्याने ठेवणाऱ्या साइटवर, चढवायचा. देशाची ज्युरी, म्हणजे परीक्षक मंडळ, जास्तीत जास्त १० फोटो आंतरराष्ट्रीय फेरीकडे पाठवते. निकष तीन: तांत्रिक दर्जा, वेगळेपण आणि विकिपीडियाला होणारा उपयोग.

आपल्याकडचे बहुतेक फोटो या तिसऱ्या निकषावर पडतात, आणि त्याचं कारण कोकणच्या भूगोलातच आहे. कुलाबा, जंजिरा, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे सगळे जलदुर्ग किनाऱ्याच्या पश्चिम अंगाला पाण्यात उभे आहेत. संध्याकाळी वाळूवरून कॅमेरा लावला की सूर्य किल्ल्याच्या मागे जातो. आकाश केशरी, पाणी सोनेरी आणि किल्ला म्हणजे नुसता काळा ठोकळा. मोबाइलवर तो फोटो देखणा दिसतो, पण त्यात बुरूज किती, दरवाजा कुठे, तट कशाचा, यातलं काहीच कळत नाही. विश्वकोशातल्या लेखाला अशा फोटोचा काय उपयोग? शिवाय असे फोटो ढिगाने येतात, म्हणजे वेगळेपणाचे गुणही गेले.

त्याच जागी सकाळी उभे राहा. सूर्य तुमच्या पाठीमागून, सह्याद्रीवरून वर येतो आणि ऊन थेट तटावर पडतं. सूर्य डोंगर ओलांडून वर आल्यावरची २० ते ३० मिनिटं उजेड मऊ आणि तिरपा असतो. दगडांमधले सांधे, जंग्या (बंदुकीसाठी तटात ठेवलेली भोकं), तटावर उगवलेली झुडपं, सगळं वेगवेगळं उठून दिसतं. ओहोटी असेल तर तटाच्या पायाशी पाण्याची खूण दिसते: वरचा दगड कोरडा, मधे हिरवट शेवाळाचा पट्टा, त्याखाली कालवं चिकटलेले काळे खडक. समुद्र रोज दोनदा या भिंतीला भिडतो, हे सांगणारा तो हातभर पट्टा भरतीच्या वेळच्या फोटोत पाण्याखाली असतो.

म्हणून तिथी पाहून निघावं. आपल्याकडची जुनी रीत अजूनही कामाला येते: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. या हिशेबाने प्रतिपदा आणि द्वितीयेला सकाळी सात ते साडेसातला पाणी पूर्ण ओसरलेलं असतं. अमावास्या-पौर्णिमा नुकतीच झालेली असल्याने उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे, दिवस असतात, त्यामुळे पाणी खूप मागे गेलेलं असतं. सकाळचं ऊन आणि खोल ओहोटी महिन्यातून दोनदा अशी एकत्र येतात. अष्टमीच्या आसपास उलट गणित: सकाळी सहाच्या सुमारास भरती, पण भांगाची, म्हणजे लहान, त्यामुळे पाणी तटावर फारसं चढत नाही. हा हिशेब मुंबई-अलिबागकडे बराच जुळतो. दक्षिणेला मालवणकडे भरती थोडी आधी लागते, तिथे भरती-ओहोटीचा छापील तक्ता पाहावा. कुलाब्याला चालत जाणाऱ्यांनी पूर्ण ओहोटीनंतर तासाभरात माघारी फिरावं. फोटोच्या नादात पाणी कधी भरलं ते कळत नाही.

सप्टेंबरात स्पर्धा असली तरी फोटो सप्टेंबरातलाच हवा असं नाही. फोटो कधीही काढलेला चालतो, चढवायचा मात्र स्पर्धेच्या मुदतीत. ही सवलत कोकणासाठी फार मोलाची आहे, कारण पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्गाला आणि राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या बंद असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा धुऊन निघालेली असते, झाडोरा अजून हिरवा असतो, होड्या चालू असतात. तेव्हाच काढून ठेवा.

ज्युरी फोटो दोन अंतरांवरून पाहते, हे ध्यानात ठेवलं की तांत्रिक बाजूची निम्मी तयारी होते. पहिल्या फेरीत शेकडो-हजारो फोटोंना नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ द्यायचं असतं. पुढे तारे, शेवटी क्रमवारी. पहिल्या फेरीत फोटो लहान दिसतो आणि वाट्याला काही सेकंद येतात. आपला फोटो कॉम्प्युटरवर ३०० पिक्सेल रुंदीचा करून दोन हात लांबून पाहा. किल्ला कुठला आणि नजर कुठे जायला हवी हे कळत नसेल, तर मांडणी फसली आहे. आकाश दोन तृतीयांश, पाणी एक तृतीयांश आणि मधे किल्ल्याची बारीक रेघ, ही नेहमीची चूक. पाण्यातल्या किल्ल्यासाठी ७० ते २०० मिमीची लेन्स वाइड अँगलपेक्षा खूप बरी पडते.

शेवटच्या फेऱ्यांत मात्र फोटो शंभर टक्के मोठा करून बघितला जातो, आणि इथे कोकणची हवा फोटो मारते. खारे तुषार लेन्सवर बसले की सगळ्या चित्रावर दुधी पडदा येतो. मीठ कोरडं असताना कापडाने घासलं तर कोटिंगवर चरे पडतात. आधी ब्लोअरने फुंकावं, मग किंचित ओलसर मायक्रोफायबरने पुसावं. लेन्सपुढे साधा यूव्ही फिल्टर, म्हणजे संरक्षक काच, असलेला बरा. एसी खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला तर काचेवर बाष्प धरतं, आणि सकाळची ती २० मिनिटं त्यातच जातात. बॅग बंद ठेवूनच अर्धा तास आधी खोलीबाहेर ठेवावी. सेन्सरवरची धूळ एफ/१६ ला (एफचा आकडा जितका मोठा, लेन्सचं छिद्र तितकं बारीक) आकाशात काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. एफ/८ ते एफ/११ पुरे. त्यापुढे छिद्र बारीक केलं की विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, चित्रच मऊ पडतं.

ट्रायपॉडवर आयएसओ (सेन्सरची उजेडाला दाद देण्याची क्षमता) १०० ठेवा. लाटांसाठी अर्धा ते एक सेकंद योग्य, तेवढ्यात पाण्याचा ओघ दिसतो आणि लाटेचा आकारही राहतो. ३० सेकंदांचं धुक्यासारखं पाणी आता इतक्यांनी करून झालंय की त्यात नवं काही उरलेलं नाही. हलत्या होडीतून १/५०० किंवा त्याहून वेगवान शटर हवं, मग आयएसओ वाढला तरी चालेल. पांढरा फेस लवकर जळतो, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा होतो, म्हणून एक्स्पोजर एक ते दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) कमी ठेवून हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, पाहावा. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, साधारण दीड स्टॉप उजेड खातो, पण ओल्या जांभ्यावरची चकाकी घालवून त्याचा मूळ रंग बाहेर काढतो. सूर्य पाठीशी असताना त्याने आकाश फारसं गडद होणार नाही. त्याचा खरा परिणाम सूर्याशी ९० अंशांत दिसतो, आणि फार रुंद लेन्सवर तोच परिणाम आकाशात डाग पडल्यासारखा वाटतो.

क्षितिज सरळ हवं. समुद्र कलंडलेला फोटो कितीही चांगला असला तरी पहिल्याच फेरीत जातो. तटाखाली उभं राहून कॅमेरा वर केला की बुरूज मागे झुकतात. मागे सरकून कॅमेरा सपाट धरावा, नाहीतर चारही बाजूंनी १० ते १५ टक्के जागा सोडावी म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये उभ्या रेषा सरळ करताना वरचं टोक कापलं जाणार नाही.

एडिटिंगमध्ये सर्वांत जास्त हाल जांभ्याचे होतात. सॅच्युरेशन ओढलं की तपकिरी-काळा दगड विटेसारखा लाल होतो, आणि नॉइज घालवणारी एआय साधनं त्याची भोकं-भोकं असलेली पोत पुसून प्लॅस्टिक करून टाकतात. तटाच्या कडेला दिसणारी पांढरी किनार म्हणजे एचडीआर (उजळ आणि गडद भाग एकत्र जुळवणं) किंवा शार्पनिंग जास्त झालं. मोबाइलमधलं ‘आकाश बदला’ कधीच वापरू नका. हा फोटो त्या वास्तूची नोंद आहे, त्यात खोटं आकाश आलं की नोंदच खोटी ठरते. एसआरजीबी या रंगपद्धतीत, ९० च्या वरच्या क्वालिटीला जेपीईजी काढा. नाव, वॉटरमार्क, तारीख, चौकट फोटोवर नको. किमान २ मेगापिक्सेलची अट बहुतेक मोबाइल सहज पूर्ण करतात, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत वापरली तर आकारही घटतो आणि कॅमेऱ्याची माहितीही पुसली जाते. मोबाइलमधली मूळ फाइलच घ्यावी.

वेगळेपण हवं असेल तर कातळशिल्पांकडे, म्हणजे जमिनीलगतच्या कातळावर कोरलेल्या जुन्या आकृत्यांकडे, वळा. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यं जागतिक वारशात आली. त्यातल्या १२ किल्ल्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आपल्या किनाऱ्यावरचे, त्यामुळे त्यांच्या फोटोंची गर्दी असणारच. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवरची (सपाट कातळी माळांवरची) शिल्पं त्या मानाने फार कमी टिपली गेली आहेत. दुपारी बाराला ती जवळजवळ दिसतच नाहीत. सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्तापूर्वीचा तास घ्यावा, तेव्हा कोरलेल्या रेघेची एक कड उजळते आणि दुसरी सावलीत जाते. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटरचा आहे, उभ्या माणसाच्या नजरेतून तो पूर्ण मावत नाही. तीन-चार मीटरच्या काठीला कॅमेरा बांधून टायमरने काढलेला फोटो इथे उत्तम काम करतो. रेघा दिसाव्यात म्हणून खडू किंवा पाणी घालू नये. पाणी एकवेळ वाळेल, खडू मात्र दगडात बसतो. ड्रोन किंवा ट्रायपॉड न्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याकडे आधी विचारणा करावी. आणि मुख्य म्हणजे, निघण्यापूर्वी ती वास्तू स्पर्धेच्या यादीत आहे का ते पाहावं. गावातलं जुनं, सुंदर देऊळ यादीत नसेल तर त्याचा फोटो धरला जात नाही.

आता उणिवा. फोटो का बाद झाला हे कळवण्याची पद्धत नाही, शिकणाऱ्याला हे जाचतं. पानं आणि सूचना बऱ्याचशा इंग्रजीत असतात, वर्णन मात्र मराठीत खुशाल लिहिता येतं. सर्वांत महत्त्वाचं परवान्याचं: फोटो सर्वांना वापरायला मोकळा करणारा सीसी बाय-एसए परवाना दिला की तो मागे घेता येत नाही. तुमचं नाव देऊन कोणीही तो फोटो वापरू शकतो, पैसे कमावण्यासाठीसुद्धा. ज्यांचा व्यवसायच फोटो विकण्याचा आहे, त्यांनी आपला सर्वोत्तम फोटो इथे द्यायचा का, हे आधी ठरवावं. इमारती आणि कायम सार्वजनिक जागी असलेली शिल्पं यांच्या फोटोला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. भिंतीवरच्या नव्या चित्रांना ती नाही.

चढवताना फाइलला ‘आयएमजी ४५२१’ असलं नाव ठेवू नका. ‘सिंधुदुर्ग किल्ला, मालवण धक्क्याकडचा तट, सकाळची ओहोटी’ असं लिहा. वर्णनात कुठून, कधी, कोणती बाजू हे येऊ द्या, नकाशावरचं स्थान जोडा, यादीतला स्मारक क्रमांक अचूक टाका आणि खात्यात ईमेल चालू ठेवा, कारण विजेत्याशी संपर्क तिथूनच होतो. किनाऱ्यावरच्या गावांत नेटवर्क अधूनमधून जातं आणि मोठी फाइल अर्ध्यावर अडकते. एका वेळी चार-पाचच फोटो चढवा, आणि मुदतीच्या शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू नका.