गोव्याचा फिल्म बाजार: पुढचा सिनेमा कुठला करायचा हे ठरवायला मी तिथं का जातो

दर आठवड्याला दोन-तीन पटकथा माझ्याकडे येतात. कुणी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ टाकतं, कुणी कराडला घरी येऊन वही ठेवून जातं. वर्षाला शंभराच्या वर भरतात. सिनेमा मात्र मी दोन-तीन वर्षांतून एकच करतो, तोही भागीदारीत. म्हणजे माझा बहुतेक वेळ नकार कळवण्यातच जातो. आणि चुकीच्या पटकथेला एकदा होकार दिला, की आयुष्याची तीन वर्षं आणि घर गहाण ठेवून उचललेले पैसे दोन्ही तिच्यामागे जातात.

निवड नीट व्हावी म्हणून मी आजवर दोन ठिकाणी खर्च केला. त्यातलं एक मुंबईतलं पटकथा तपासून देणारं ऑफिस. नाव देत नाही, कारण मला भांडायचं नाही, फक्त काय झालं ते सांगायचंय. 2018 मध्ये त्यांना 35 हजार रुपये दिले. पंधरा दिवसांनी 14 पानांचा अहवाल आला. नायकाचा प्रवेश कितव्या पानावर, मध्यंतराचा धक्का कुठे, विनोदाचं प्रमाण किती, सगळ्याला वेगळे गुण. एकूण 100 पैकी 82. त्या आकड्याच्या भरवशावर आम्ही सिनेमा केला. तो शाळकरी पोरांचा होता आणि आम्ही लावला मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. दहावीची परीक्षा सुरू होती. पोरं घरात अभ्यासाला बसलेली, आईबाप त्यांच्याजवळ बसलेले. शुक्रवारी लागलेला सिनेमा पुढच्या गुरुवारी उतरला. तारीख आम्हीच ठरवली होती, तिचा दोष मी त्या ऑफिसला देत नाही. पण हा सिनेमा कोण बघणार आणि केव्हा बघणार, हा प्रश्न त्या 14 पानांत एकदाही नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरा खर्च म्हणजे फिल्म बाजार, आणि तो दोन्ही वेळा वसूल झाला. सिनेमाचे प्रकल्प घेऊन आलेले लोक आणि त्यांना पैसे किंवा भागीदारी देऊ शकणारे लोक तिथं भेटतात. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, म्हणजे एनएफडीसी, 2007 पासून हा बाजार गोव्यात भरवतं. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, 2004 मध्ये गोव्याला आला. इफ्फीच्याच दिवसांत, पणजीच्या मिरामारला मॅरियट हॉटेलात हा बाजार पाच दिवस चालतो. 2025 पासून त्याचं नाव वेव्हज् फिल्म बाजार झालंय. मी 2023 आणि 2024 अशी दोन वर्षं गेलो, दोन्ही वेळा तारखा 20 ते 24 नोव्हेंबर. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण आमच्याकडचे बरेच जण इथंच फसतात: इफ्फीचा पास गळ्यात असला म्हणून बाजारात सोडत नाहीत. बाजाराची नोंदणी वेगळी, तिचे पैसे वेगळे, आणि लवकर केली तर स्वस्त पडते.

आम्ही कराडहून गाडीनं जातो. कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली उतरून सावंतवाडी, मग पणजी. मॅरियटमध्ये राहणं मला परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. अठरा जून रस्त्याच्या मागे साधी लॉज मिळते, तिथून मिरामारला रिक्षानं किंवा बसनं जाता येतं.

पहिल्या दिवशी कागदपत्रांबरोबर निवडलेल्या प्रकल्पांचं पुस्तक मिळतं. मला विचाराल तर नोंदणीचे अर्धे पैसे तिथंच वसूल. 2024 च्या को-प्रोडक्शन मार्केटमध्ये, म्हणजे भागीदार निर्माता शोधणाऱ्या प्रकल्पांच्या विभागात, 21 कथापट होते आणि 8 वेब मालिका. प्रत्येकाला गोष्टीचा सारांश, दिग्दर्शकाचं टिपण, निर्मात्याचं नाव, एकूण बजेट, त्यातले किती पैसे जमलेत आणि इथं काय शोधायला आलोत, एवढं सगळं दिलेलं असतं. बहुतेक लोक सारांश वाचतात. मी शेवटून वाचायला सुरुवात करतो, आकड्यांपासून.

याचं कारण माझं घर. वडिलांचं थिएटर होतं. वितरकाचा माणूस पोस्टर आणि गाण्यांची पुस्तिका घेऊन यायचा, गोष्ट रंगवून सांगायचा. वडील सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे, त्याला चहा पाजायचे आणि मग तीनच प्रश्न विचारायचे. बायका येतील का? बाजाराला आलेला खेड्यातला माणूस संध्याकाळची एसटी सोडून थांबेल का? दुसऱ्या आठवड्याला काय उरेल? उत्तरं पटली तरच एमजीचे, म्हणजे सिनेमा चालो न चालो द्यायच्या ठरलेल्या किमान रकमेचे, पैसे कबूल करायचे, नाहीतर टक्केवारीवर लाव म्हणायचे. 2006 ला थिएटर बंद झालं, पण सिनेमा तोलायचं हे माप घरात राहिलं. आज एसटी सोडून कुणी थांबत नाही. तरी प्रश्न तोच आहे: माणूस कुठलं काम बाजूला ठेवून हा सिनेमा बघायला उठेल?

बजेटच्या पानावर मी काय बघतो ते सांगतो, कारण नव्या मुलांना हे कुणी शिकवत नाही. शूटिंगचे दिवस किती आणि ठिकाणं किती. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की दिग्दर्शकानं शेड्यूल खरंच बसवलंय की अंदाजानं लिहिलंय ते कळतं. आकस्मिक खर्चाला किती ठेवलेत. साऊंड आणि डीआयला, म्हणजे शेवटच्या रंगकामाला, पुरेसं उरलंय का. आणि सर्वांत आधी, प्रसिद्धी आणि प्रदर्शनाचा खर्च त्यात धरलाय का. पावणेदोन कोटींचा सिनेमा आणि ट्रेलर, पोस्टर, थिएटरचं डिजिटल भाडं यांना एक रुपया नाही, अशी पानं मी बघितलीत. सिनेमा तयार होतो आणि मग हार्ड डिस्क कपाटात राहते. मराठी प्रकल्पांत अजून एक घोळ दिसतो. जमलेल्या पैशांच्या रकान्यात शासनाचं अनुदान लिहिलेलं असतं, चाळीस लाख. अहो, ते अ दर्जाला चाळीस आणि ब दर्जाला तीस, आणि मिळतं केव्हा, तर सिनेमा पूर्ण होऊन, समितीनं बघून, दर्जा ठरवल्यावर. त्या पैशानं कॅमेऱ्याचं भाडं भागत नाही. ज्यानं हा आकडा जमलेल्या पैशांत धरलाय, त्याच्याशी बोलताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो. उत्तर देताना तो रागावला तर मी पुढं जात नाही.

मग ओपन पिच. दिग्दर्शक आणि निर्माता मंचावर येऊन काही मिनिटांत प्रकल्प मांडतात, मागे पडद्यावर फोटो आणि छोटी फीत चालते. बघायला हवंच, पण तिथं निर्णय करू नये. चांगलं बोलणारा चांगला सिनेमा करेलच असं नाही. खूप हळू, अडखळत बोलणाऱ्या एका आसामी दिग्दर्शकाची फीत अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याच्या आधी बोललेल्याचं एक वाक्यही आठवत नाही. पिच झाल्यावर वेळ ठरवून टेबलावर भेटता येतं. ही भेटीची सोय फार मोलाची आहे. माझ्यासारख्या, मुंबईत ऑफिस नसलेल्या माणसाला फ्रान्सचा विक्री एजंट आणि केरळचा निर्माता एकाच दुपारी भेटतात. सगळे गळ्यातलं कार्ड बघून बोलतात हे खरं, पण बोलतात.

व्ह्यूइंग रूमबद्दल आमच्याकडे फारसं कुणी बोलत नाही, आणि छोट्या निर्मात्यानं खरं तर तिथंच जास्त वेळ द्यावा. शूट झालेले, पण पूर्ण व्हायला पैसे किंवा वितरक शोधणारे सिनेमे तिथं स्क्रीनसमोर हेडफोन लावून बघता येतात. आवडला तर त्याच यंत्रणेतून दिग्दर्शकाला निरोप जातो. 2024 ला यादीत 208 सिनेमे होते, त्यात 145 पूर्ण लांबीचे. मी दोन दिवसांत 11 बघितले. कागदावरची पटकथा निवडताना अंदाज करावा लागतो. इथं कलाकार कसा उभा राहिलाय, दिग्दर्शकाला शांतता धरता येते का, ते समोर दिसतं. साऊंड आणि रंग बाकी असतात, ते कानाला आणि डोळ्याला सवयीनं वजा करता येतं. त्यातल्या एका कोकणी सिनेमाच्या साऊंडला मी थोडे पैसे घातले. रक्कम लहान होती आणि धोकाही लहान.

बाकीच्या गोष्टी मी भरभर करतो. राज्यांचे स्टॉल असतात, कुठल्या राज्यात शूटिंग केलं तर काय सवलत ते कळतं. 2022 पासून पुस्तकांचे हक्क विकायला प्रकाशक आणि लेखकही येतात. साहित्यावर सिनेमा करू इच्छिणाऱ्यांनी तिकडं जरूर जावं. 2023 ला इफ्फीच्या उद्घाटनात परदेशी निर्मितीला द्यायचा परतावा 30 वरून 40 टक्के आणि कमाल 30 कोटी केल्याचं जाहीर झालं, तेव्हा दुसऱ्या दिवशी प्रत्येक टेबलावर तीच चर्चा होती. मोठ्यांसाठी ती मोठी बातमी. आमच्या दोन कोटींच्या सिनेमाचा त्याच्याशी थेट संबंध येत नाही.

एवढं वाचून कुणाला वाटेल की तिथं गेलं की घेण्यासारखा मराठी प्रकल्प हमखास मिळतो. तसं नाही. निवडलेल्या यादीत मराठी मोजकेच असतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आधीच भागीदार मिळालेला असतो. ही यादी महोत्सवांच्या अंगानं जाणाऱ्या सिनेमांची आहे. सातारा-सांगलीत चार आठवडे चालेल असा कौटुंबिक सिनेमा शोधत असाल तर पुस्तकात तो क्वचितच सापडेल. मला जे सापडलं तेही पुस्तकात नव्हतं.

2024 ला तिसऱ्या दिवशी चहाच्या रांगेत भंडारा जिल्ह्यातली एक मुलगी भेटली. निवड झालेली नव्हती, स्वतःच्या पैशानं नोंदणी करून आली होती. गोष्ट तिनं दोन मिनिटांत सांगितली: धानाच्या शेतात मजुरीला जाणारी आई आणि नर्सिंगला जायचं असलेली मुलगी, एका रोवणीपासून कापणीपर्यंत. मी सवयीनं लावणीचा सीन म्हणालो, तर ती थबकली. आमच्याकडे भाताची लावण, त्यांच्याकडे रोवणी. मी बजेट मागितलं. शूटिंगचे 26 दिवस, सलग एकच शेड्यूल. मी म्हटलं, अहो, तुमच्या गोष्टीत रोवणी जुलैची आणि कापणी दिवाळीनंतरची. मध्ये चार महिने आहेत. युनिट दोनदा न्यावं लागेल, कलाकारांच्या तारखा दोनदा, राहण्या-खाण्याचा खर्च दोनदा. हे इथं कुठं आहे?

ती गडबडली नाही. मोबाईल काढला आणि सहा मिनिटांची फीत लावली. गेल्या जुलैत तिनं स्वतःच्या कॅमेऱ्यावर, एका मित्राला आवाजाला घेऊन, खरी रोवणी शूट केली होती. बांधीत गुडघाभर चिखल, ओळीनं वाकलेल्या बाया, आणि एकीच्या हातात रोपांची जुडी. ती बाई जुडी सोडते, तीन रोपं वेगळी करते, अंगठ्यानं चिखलात दाबते, पुन्हा तीन. कॅमेरा हातावरच राहतो. नंतर हळूच वर जातो तेव्हा कळतं की ती कानाला मोबाईल खांद्यानं दाबून धरून बोलतेय, पोरीच्या फीबद्दल. दोन्ही हात थांबत नाहीत.

"सर, रोवणी माझ्यासाठी थांबत नाही ना जी," ती म्हणाली. "म्हणून आधीच करून ठेवली. दूरचे शॉट यातलेच वापरीन. जवळचे तेवढे पाच दिवसांत होतात."

मी तिथं होकार दिला नाही. बाजारात होकार द्यायचा नाही हा माझा नियम आहे, तिथं सगळंच आवडतं. पटकथा घेऊन आलो. आंबोलीला चहाला थांबलो तेव्हा बायकोला गोष्ट सांगितली. ती आईच्या फोनच्या प्रसंगापाशी म्हणाली, मग फी भरली का तिनं? वडिलांच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर मला त्या एका वाक्यात मिळालं.

तुम्ही जाणार असाल तर तीन दिवस तरी हातात ठेवा. पुस्तक पहिल्या रात्री लॉजवर बसून वाचून काढा, भेटी दुसऱ्या दिवशी सकाळीच ठरवा, आणि यादीबाहेरच्या मुलांना चहाच्या टेबलावर वेळ द्या. नकार द्यायचा असेल तर तोंडावर, कारणासकट द्या. मुलं आयुष्यातली पाच-पाच वर्षं त्या फाइलमध्ये घालून आलेली असतात. त्यांना 'बघू, कळवतो' म्हणून ताटकळत ठेवणं मला पाप वाटतं.

2025 च्या जुलैत मी भंडाऱ्याला जाऊन आलो. पाऊस चालू होता, बांधावरून पाय घसरत होते. फितीतली ती बाई भेटली. सिनेमात आईचं काम तिनंच करावं असं दिग्दर्शिकेचं म्हणणं होतं आणि मला धास्ती होती. बाईनं आमच्याकडे बघितलं, हातातली जुडी खाली न ठेवता विचारलं, "रोज किती देणार?" मी आकडा सांगितला. तिनं मान हलवली आणि पुन्हा ओळीत वाकली. ऑगस्टमध्ये करार झाला. बजेट आता दोन शेड्यूलचं आहे, आणि प्रसिद्धीचे 35 लाख त्यात पहिल्या पानावर लिहिलेत.