डाळिंबातील सूत्रकृमींसाठी पॅसिलोमायसिस : दोन बहरांचा अनुभव

सांगोल्याकडच्या आमच्या हलक्या जमिनीत डाळिंबाच्या मुळ्यांवर सूत्रकृमींमुळे (मुळांत शिरणारे धाग्यासारखे सूक्ष्म कृमी) मोहरीएवढ्या गाठी दिसू लागल्या, तेव्हा मी पॅसिलोमायसिस लिलॅसिनस या बुरशीची भुकटी आणली. आर्थ्रोबोट्रिससारखी बुरशी चिकट जाळी विणून जिवंत सूत्रकृमी पकडते. ही मात्र मुख्यतः मुळांवरच्या चिकट पुंजक्यांतील सूत्रकृमींच्या अंड्यांत तंतू घुसवून ती आतून पोखरते, म्हणून मुळात आधीच शिरलेल्या सूत्रकृमींवर तिच्याकडून झटपट परिणामाची अपेक्षा धरू नये.

भुकटी कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या गोणपाटाखाली सावलीत 15 दिवस ठेवली. ढीग उघडला तेव्हा खतावर फिकट जांभळट थर चढलेला पाहून फार समाधान वाटले. ते खत वाफशावर (माती ओलसर पण चिखल नसताना) ड्रिपरखाली मातीआड केले. पहिल्या बहरात काहीच फरक जाणवला नाही. दुसऱ्या बहरात उकरून पाहिलेल्या झाडांना गाठी नसलेल्या नव्या पांढऱ्या मुळ्या आढळल्या, जुन्या गाठी मात्र तशाच होत्या.

एका दुकानदाराने हीच पाकिटे तापलेल्या पत्र्याखाली ठेवली होती, हे मला खटकले. त्यातील बीजाणू जिवंत राहिले तरच पैसे वसूल होतात. हे खत मातीत दिल्याच्या काळात बुरशीनाशकाची आळवणीही (मुळांशी द्रावण ओतणे) टाळावी.