नॅसची पेटी उत्तम, अ‍ॅडॉप्टर भिकार: कॉलेजच्या लॅबमधील वर्षभराचा अनुभव

प्रात्यक्षिक परीक्षांच्या ऐन धामधुमीत आमच्या लॅबमधील दोन डिस्कांची नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्या संगणकांना फाइली पुरवणारी साठवणपेटी, बंद पडली. दोष डिस्कमध्ये नव्हता, सॉफ्टवेअरमध्येही नव्हता. पेटीसोबत आलेला १२ व्होल्टचा काळा अ‍ॅडॉप्टर तेवढा गेला होता. कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला, तेव्हा पलीकडून शांतपणे सांगण्यात आले, "सर, अ‍ॅडॉप्टर सुटा मिळत नाही, पूर्ण युनिट पाठवावं लागेल." डिस्क तुमच्याकडेच राहू द्या, अशी सवलतही देऊ केली, परंतु पेटी त्यांच्याकडे आणि डिस्क आमच्याकडे असताना विद्यार्थ्यांच्या फाइली परीक्षकांना दाखवायच्या कशा, या प्रश्नावर त्यांच्याकडे मौनच होते.

अखेर जळगावच्या गोलाणी मार्केटमधून अ‍ॅडॉप्टर आणला. दुकानदाराने आधी १२ व्होल्ट ३ अँपिअरचा स्वस्तातला नग पुढे केला, तो मी परत केला. साडेतीन इंची डिस्क एकदा फिरू लागली की तिला फारशी वीज लागत नाही. पण सुरुवातीच्या काही क्षणांत एकेक डिस्क सुमारे २ अँपिअर ओढते. दोन डिस्क आणि पेटीचा स्वतःचा खर्च धरला, तर ५ अँपिअरपेक्षा कमी क्षमतेचा अ‍ॅडॉप्टर पेटीला सुरू होता होताच झोपवतो. पिनेचा आकार आणि धन-ऋण जुळवून ५ अँपिअरचा नग लावला आणि पेटी सुरू झाली. माहितीपत्रकात वापराची तापमानमर्यादा ० ते ४० अंश दिलेली आहे. खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि लॅबचा वातानुकूलक सायंकाळी पाच वाजता शिपायासोबत घरी जातो. अशा हवेत रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्राचा सर्वांत नाजूक भाग सुटा विकायचाच नाही, हे धोरण मला अजूनही पचलेले नाही.

ही पेटी घेण्याला माझा मुळात विरोध होता. पूर्वी माझ्याच टेबलावरील संगणकावर एक शेअर्ड फोल्डर होता आणि त्यातून काम भागत होते. मात्र विंडोजच्या साध्या आवृत्तीला एका वेळी २० जोडण्यांचीच परवानगी असल्यामुळे तीस जणांच्या तुकडीत शेवटच्या बाकांवरील मुलांना फोल्डर उघडतच नसे. मग ती मुले पेनड्राइव्ह काढत, त्यातून शॉर्टकट व्हायरस लॅबभर पसरे आणि सगळ्यांची फोल्डरे अदृश्य होत. जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स ही मोफत प्रणाली आणि साम्बा हे विंडोजच्या संगणकांना फोल्डर वाटून देणारे सॉफ्टवेअर टाकून हे काम फुकटात होईल, असे मी विभागप्रमुखांना लेखी कळवले होते. त्यांनी विजेचा हिशेब मांडला: जुना डेस्कटॉप सुमारे ७० वॅट खातो, म्हणजे अखंड चालवला तर महिन्याला पन्नास युनिट, ही पेटी १८ वॅटच्या आसपास, म्हणजे तेरा युनिट. त्या हिशेबापुढे माझा विरोध संपला. पेटीच्या आत शेवटी साम्बाच चालते, ही गोष्ट निराळी.

पहिले काही महिने माझे मत फारसे बरे नव्हते, कारण वेग सेकंदाला ११ मेगाबाइटच्या वर जाईना. विद्यार्थ्यांना द्यावयाची उबंटूची (लिनक्सच्याच एका प्रकाराची) ८ जीबीची व्हर्च्युअल डिस्क, म्हणजे एक भलीमोठी फाइल, एका संगणकावर उतरायला बारा मिनिटे लागत. मात्र ११ हा आकडाच बोलका आहे: १०० मेगाबिटच्या जोडणीची कमाल मर्यादा साडेबारा मेगाबाइट असते आणि प्रत्यक्षात हाती येते ते एवढेच. पेटी गिगाबिटची, म्हणजे याच्या दहापट वेगाची, संगणक एकमेकांना जोडणारा स्विचही गिगाबिटचा. उरली फक्त भिंतीतील केबल. लॅब सहायक आप्पांनी खोबणीचे झाकण काढले, तेव्हा खुलासा झाला. केबलच्या आठ तारांपैकी नारिंगी आणि हिरवी जोडी एका खोबणीत आणि निळी व तपकिरी जोडी शेजारच्या खोबणीत बसवलेली होती. ठेकेदाराने एका केबलमध्ये दोन जोडण्या उरकल्या होत्या आणि बिल अर्थातच दोन केबलांचे लावले होते. १०० मेगाबिटला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. नवी केबल टाकल्यावर तीच फाइल सव्वा मिनिटात उतरू लागली. त्यामुळे वेगाबद्दलची माझी तक्रार मी पूर्णपणे मागे घेतो. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की तीसही संगणक एकदम ओढू लागले, तर सर्वांचे मिळून ते काम अर्धा-पाऊण तास चालते, कारण पेटीतून बाहेर जाणारी वाट एकच आहे.

ज्या सोयीकडे खरेदीच्या वेळी कोणी पाहिलेही नव्हते, ती आज मला सर्वांत मोलाची वाटते: कचराकुंडीचे फोल्डर. साध्या शेअर्ड फोल्डरमधील फाइल दुसऱ्या संगणकावरून पुसली, तर ती रिसायकल बिनमध्ये न जाता थेट नाहीशी होते. पेटीत ही सोय स्वतंत्रपणे चालू करावी लागते. द्वितीय वर्षाच्या एका तुकडीची सगळी जर्नले कोणीतरी पुसली, तेव्हा ती तेथून जशीच्या तशी परत मिळाली. दोन डिस्कांवर एकच मजकूर ठेवण्याच्या व्यवस्थेने हे साधले नसते. ती डिस्क बिघडण्यापासून वाचवते, चुकून पुसण्यापासून नाही. म्हणून दर शनिवारी एका सुट्या डिस्कवर वेगळी प्रत घेतो.

एक अडचण येणारच, तिची तयारी ठेवावी. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो संगणकांवर पासवर्डाविना पाहुणा म्हणून फोल्डर उघडत नाही. आम्ही वर्गवार खाती काढली. आठवडाभर मुलांनी कुरकुर केली आणि मग सवय झाली. कार्यालयातील जुन्या झेरॉक्स यंत्राला मात्र स्कॅन पाठवण्यासाठी एसएमबीची (नेटवर्कवर फोल्डर वाटून घेण्याच्या पद्धतीची) पहिलीच आवृत्ती येते, म्हणून ती पेटीवर चालू करावी, असा आग्रह झाला. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्याच दारातून जगभर शिरला होता, त्यामुळे मी नकार दिला. कार्यालय आता स्कॅन ईमेलने पाठवते आणि माझ्यावर थोडे नाराज आहे.

आठ-दहा संगणकांची लॅब असेल आणि ती सायंकाळी बंद होत असेल, तर पेटीवर पैसे घालू नयेत, जुना डेस्कटॉपच लावावा. वीसच्या पुढे संगणक असतील तर पेटी जरूर घ्यावी. पण खरेदीच्या आदेशातच '१२ व्होल्ट, ५ अँपिअर अ‍ॅडॉप्टर, जादा, एक नग' असे लिहून घ्यावे आणि विक्रेता तो देत नसेल, तर दुसरा विक्रेता पाहावा.