परसबागेच्या नावाखाली विकलेला भराव आणि खोटी कलमं

परसात चार झाडं लावायची हौस आहे, पण त्यातलं काहीच कळत नाही, अशी माणसं हेरणारे विक्रेते असतात. माझ्याकडे आलेला त्यातलाच. माती, खत, कलमं, बिया सगळं आम्ही देतो, तुम्ही फक्त पाणी घाला, असं गोड बोलून त्याने सगळे पैसे आगाऊ घेतले. माल उतरवून निघताना बजावून गेला, "महिनाभर रोपांना हात लावू नका, मुळं दुखावतात." सल्ला तसा खोटा नाही, नव्या रोपाची मुळं उगाच हलवू नयेतच. पण इथे त्याचा उपयोग वेगळा होता. महिन्याभराने पिशवीत काय निघतं ते कळेपर्यंत तक्रारीची मुदत उलटून गेलेली असते.

आधी माती बोलली. उतरवली तेव्हा काळीभोर, भुसभुशीत दिसत होती. पाणी बसल्यावर वर कडक पापुद्रा धरला आणि पाणी मुरायचं सोडून कडेने वाहू लागलं. खुरपं खोल घातलं तर खडखडलं. विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं निघाली. बांधकामाचा भराव होता, वरच्या थरापुरतं खत मिसळलेलं. खात्री करायची तर काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि बाकी पाणी घालून खळखळून हलवा. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत, चिकणमातीला दिवसभर किंवा जास्तही लागतो. काडीकचरा आणि कुजलेला पाला बराचसा वर तरंगतो. 'निम्मं गांडूळखत' म्हणून दिलेल्या माझ्या मातीत तळाशी जाड वाळू होती आणि वर नावाला चार काड्या.

कलमांची गंमत तर बघण्यासारखी. लिंबाच्या प्रत्येक रोपाला बुंध्याजवळ प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली होती. पट्टी सोडली तर आत साल सलग, गुळगुळीत. खऱ्या कलमाला जोडाची खूण असते, तिरकी किंवा व्हीच्या आकाराची, आणि जोडाच्या वर-खाली सालीचा रंग किंवा जाडी सहसा थोडी वेगळी दिसते. माझी ती साधी बियांची रोपं होती, नुसती पट्टी बांधलेली. बियांच्या रोपाला फळ धरायला कलमापेक्षा कितीतरी जास्त वर्षं लागतात, म्हणजे हा खोटेपणा पकडला जाईपर्यंत विकणारा कुठल्या कुठे गेलेला असतो. गुलाबाचं त्याहून वाईट. फुलासकट आलेली रोपं माना टाकू लागली म्हणून एक पिशवी फाडली, तर आत मूळच नाही. ताजी फांदी नुसती मातीत खोचलेली!

बियांच्या पाकिटावर निळ्याशार गुलाबाचा फोटो होता. असा गुलाब निसर्गात होतच नाही, कारण निळ्या रंगासाठी लागणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य गुलाबात तयार होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने जनुक घालून बनवलेला 'निळा' गुलाब 2004 मध्ये जाहीर झाला आणि 2009 मध्ये विक्रीला आला, पण तोही खरं तर जांभळटच. शिवाय बागेतले गुलाब बहुतेक संकरित. त्यांचं बी पेरलं तरी आईसारखंच फूल येईल याची हमी नाही, म्हणून ते कलमाने किंवा फांदीनेच वाढवतात. पाकिटावर लॉट क्रमांक नव्हता, पॅकिंगची तारीख नव्हती. उगवलं ते तण.

फोन केला तर उत्तर तयारच होतं: "पाणी जास्त झालं असेल." नवख्या माणसाला हे लगेच पटतं, कारण पाणी जास्त होऊन रोपं खरंच मरतात. मग तो 'टॉनिक'ची बाटली घ्या म्हणाला, आणि मी मूळ नसलेल्या फांदीचा फोटो पाठवल्यावर नंबर बंद.

तेव्हा असं कुणी दारात आलं तर पैसे निम्मेच द्या, बाकीचे माल तपासून. मातीचं पोतं ओतून तळ बघा. प्रत्येक जातीची एक पिशवी त्याच्याच हाताने, त्याच्यासमोर, कापायला सांगा आणि कलमाची पट्टी थोडी सैल करून जोड बघा. मालाचे फोटो गाडी दारात असतानाच काढा. मुळं दुखावतील म्हणून कुरकुर करू लागला तर सांगा, ते एक रोप माझ्या हिशेबात धर. रोपं नीट असतील तर एवढ्याला कुणी नाही म्हणत नाही. माझ्याकडे आलेला आता दुसऱ्या नावाने जाहिरात करतोय, फोटो मात्र तेच आहेत.